तेवीस नंबरच्या बहीखालची पिवळी रेघ

आधी क्षमा मागते. या सदरात लिहिणाऱ्यांनी घाटात, ओस बंगल्यात, अमावास्येच्या रात्री जे काही पाहिले, त्याच्या पंक्तीला बसण्याची माझ्या अनुभवाची योग्यता नाही. तो भर सकाळी आला, आणि आला तो लॅपटॉपच्या पडद्यावर. शिवाय आयुष्यभर मी इतरांनी लिहिलेले कपाटात नीट लावून ठेवण्याचे काम केले आहे. स्वतः लिहिण्याचे धाडस करत आहे ते प्रथमच. भाषा अवघडलेली वाटली तर ती माझी सवय समजावी.

मी नाशिकच्या एका महाविद्यालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले. अमानवीय गोष्टींवर माझा कधीही विश्वास नव्हता. भुताखेतांची पुस्तके ग्रंथालयात १३३ या क्रमांकाखाली लागतात. मी ती तीस वर्षे लावली, परंतु एकही उघडून वाचावेसे वाटले नाही. आजही माझा विश्वास बसला आहे असे म्हणवत नाही. मात्र एक गोष्ट घडली, आणि तिच्यामुळे एका बाईंचे माझ्या हातून नुकसान झाले. म्हणून लिहिते.

निवृत्तीनंतर वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी मी पायथन शिकले. पायथन म्हणजे संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याची एक भाषा. वर्गातील मुलांना मी कोणाची तरी आई वाटत असे, सोडायला आलेली आणि चुकून आत बसलेली. प्रश्न विचारण्याची मला लाज वाटे. त्यामुळे अडले की मी महाविद्यालयाच्या संगणक विभागातून माझ्याबरोबरच निवृत्त झालेल्या आहेर सरांना फोन करीत असे. ते मूळचे सटाण्याकडचे. फोन उचलताच अहिराणीत त्यांचे ठरलेले वाक्य — "बोला मॅडम, आज काय शे?"

पंचवटीत, काळारामाच्या मागच्या बोळात, एक तीर्थोपाध्याय गुरुजी राहत. त्यांची पत्नी माझी शाळेतील मैत्रीण. गुरुजींच्या घरी पिढ्यान्पिढ्यांच्या एकतीस बह्या होत्या. बाहेरगावची कुटुंबे गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, विधींसाठी आली की त्यांची नावे, गाव, कोण कोणाचा मुलगा, कोणाच्या विधीसाठी आला, पोरेबाळे किती, राहतो कोठे... हे सारे त्या बह्यांत उतरवून घेण्याची रीत आहे. गुरुजींना आता अंधुक दिसू लागले होते. मुलगा परदेशात. हे सारे आपल्यामागे कोण वाचणार, याचा घोर त्यांना लागला होता. नावावरून चटकन शोधता येईल अशी सूची मी करून द्यावी, असे माझ्या मैत्रिणीने सुचवले.

गुरुजींनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या.

"फोटो काढायचा नाही, बाई. लोकांनी विश्वासाने घरातली नावं दिलीत. इथे बसून वाचा, इथेच उतरवा. आणि दुसरं म्हणजे, आमच्यात जीर्ण झालेल्या बहीची नक्कल पूर्ण झाली, की मूळ बही गंगेला द्यायची. माझ्या आजोबांनी दिल्या, वडिलांनी दिल्या. दोन प्रती घरात ठेवत नाहीत."

मी मान डोलावली. पहिली गोष्ट माझ्या लक्षात राहिली.

दुसऱ्याच आठवड्यात, पितृपक्ष चालू असताना, वत्सलाबाईंची ओळख झाली. सिन्नरच्या पुढे त्यांचे गाव आहे. वय सत्तरीचे, हातात पिशवी, पायांत प्लास्टिकच्या चपला. वडिलांच्या अष्टमीला त्या दरवर्षी येतात, आणि येतात ते एकच विचारायला.

"गुरुजी, माझ्या रंगनाथचं नाव गावलं का वो?"

रंगनाथ हा त्यांचा धाकटा भाऊ. चाळीस वर्षांपूर्वी भरल्या घरात वडिलांनी त्याच्यावर हात उगारला आणि तो नेसत्या कपड्यांनिशी निघून गेला. तीन वर्षांनी वडील वारले. तो आला नाही, कोणी त्याला कळवूही शकले नव्हते. परंतु गावातील एका माणसाने शपथेवर सांगितले होते की दहाव्याच्या दिवशी रंगनाथ त्याला रामकुंडावर दिसला — डोक्याचा गोटा केलेला, एकटा.

"टकुरं केलेलं होतं म्हन्ला," वत्सलाबाई मला सांगत होत्या. "म्हंजे बापाचं त्यानं केलंच आसंल ना? आन् केलं आसंल तर हितं नाव घातलं आसंल. पत्ता बी दिला आसंल. मला दुसरं काय नाय पायजे बाई. तो आल्ता, येवढं कळाया पायजे."

गुरुजींनी त्या कुटुंबाचे पान पूर्वीच पाहिले होते. तेथे नोंद नव्हती. "पण गर्दीच्या दिवसांत जी बही हाताशी येईल तिच्यात माझे वडील उतरवून घ्यायचे," ते म्हणाले. "म्हणून तर सगळ्या बह्यांची सूची हवी. या माउलीसाठी एवढं करा."

मी रोज सकाळी दहा ते एक त्यांच्या ओसरीवर बसून नोंदी लॅपटॉपवर उतरवू लागले. मैत्रीण कॉफी आणून देई आणि थट्टा करी. एकदा गुरुजींनी विचारले, "आमच्या बह्यांना वाळवी लागते. तुमच्या यंत्राला काय लागतं?"

"व्हायरस," मी म्हणाले.

"म्हणजे वाळवीच, फक्त इंग्रजी माध्यमाची!"

ते दिवस सुखाचे होते, हे मला आता समजते.

प्रत्येक बहीसाठी मी पायथनची एक स्वतंत्र फाइल केली. जाणकार हसतील, माहिती अशी साठवायची नसते, हे मला नंतर कळले. परंतु ग्रंथपालाच्या मनाला एका बहीची एक फाइल हेच सरळ वाटले. जवळजवळ वर्ष गेले. श्रावणात मी तेविसाव्या बहीपाशी आले.

ही बही पुरात भिजलेली होती. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेले, त्या वर्षी ती खालच्या फडताळात राहिली होती. बाकी पाने सुटी होती, परंतु शेवटची अकरा पाने एकमेकांना चिकटून पुठ्ठ्यासारखी झाली होती. कडेने केवळ अक्षरांचे शेंडे दिसत.

अशी पाने कशी सोडवावीत, हे मला येते. टीपकागद, थोडी वाफ, बोथट सुरी आणि भरपूर वेळ. ग्रंथालयात मी हे कितीदा तरी केले आहे. केवळ गुरुजींची परवानगी विचारायची होती. तीनदा मी शब्द जुळवले. एकदा यजमान आले, एकदा गुरुजींची तब्येत ठीक नव्हती, आणि एकदा — एकदा काहीच नव्हते. त्यांच्या पूर्वजांच्या बहीला वाफ द्यायची, असे म्हणणारी मी कोण, असे वाटून मी गप्प बसले. ती पाने वगळून मी चोविसावी बही उघडली. मनात म्हटले, मागाहून पाहू.

भाद्रपदात सारे संपत आले. पितृपक्ष सुरू झाला होता. ओसरीवर दोन-तीन उपाध्याय बसलेले होते. गुरुजी कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते, "एकतीसच्या एकतीस बह्या बाईंनी एकटीनं उतरवल्या." मग माझ्याकडे वळले. "काय हो बाई, तेवीससुद्धा झाली ना? ती पुरातली?"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते. मी म्हणाले, "हो. झाली."

इतकेच. खोटे बोलण्याचा हेतू नव्हता. "अकरा पाने राहिली आहेत" हे वाक्य माझ्याजवळ तयारही होते. चारचौघांत ते मोठ्याने म्हणणे मला जमले नाही.

त्या संध्याकाळी घरी मी मुख्य प्रोग्रॅम लिहिला. त्यात प्रत्येक बहीची फाइल आत बोलावणारी एकेक ओळ होती; याला इम्पोर्ट म्हणतात. ज्या एडिटरमध्ये प्रोग्रॅम लिहितात, त्याने एकतीसच्या एकतीस ओळींखाली नागमोडी पिवळी रेघ ओढली. बाण वर नेला की सूचना दिसे — हे मॉड्यूल, म्हणजे ती फाइल, सापडत नाही. आणि गंमत अशी, की प्रोग्रॅम चालवला तर तो बिनतक्रार चाले आणि नावे अचूक दाखवी.

दुसऱ्या दिवशी आहेर सरांना फोन केला.

"खोटी वॉर्निंग आहे मॅडम. तुमच्या बह्या वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत. तो पत्ता प्रोग्रॅमला चालताना कळतो. एडिटर प्रोग्रॅम चालवत नाही, नुसता वाचतो. त्याला बिचाऱ्याला कोण सांगणार?"

"म्हणजे कॅटलॉगमध्ये कार्ड नाही, म्हणून पुस्तकच नाही म्हणणारा सहायक," मी म्हणाले.

"अगदी! तुमच्या हाताखाली होता ना एक तसा? आता सेटिंगमध्ये जा आणि त्या फोल्डरचा पत्ता जोडा."

मी पत्ता जोडला. रेघा एकदम नाहीशा झाल्या. तीस ओळी स्वच्छ झाल्या. तेविसाव्या बहीखाली मात्र रेघ तशीच राहिली.

आहेर सरांच्या सांगण्यावरून मी एडिटर बंद करून उघडला, लॅपटॉप बंद करून सुरू केला. ओळ पुसून पुन्हा टंकली. नावात एखादे अदृश्य अक्षर शिरले असेल म्हणून फाइलचे नावही नव्याने दिले. पायथनची योग्य आवृत्ती निवडली आहे ना, तेही तपासले. रेघ जाईना. मग मी एक प्रयोग केला. बावीस नंबरचा मजकूर एका नव्या फाइलमध्ये घालून तिला तेवीस नाव दिले — रेघ नाही. खऱ्या तेविसाव्या फाइलचे नाव बदलून नव्व्याण्णव केले, आणि रेघ नव्व्याण्णवखाली आली.

"असं होत नसतं," आहेर सर म्हणाले. प्रथमच त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "फाइल जागेवर आहे का, एवढंच तो बघतो. आत काय लिहिलंय, काय नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. चुकीचं टंकलं असेल तर वेगळी सूचना देईल. सापडत नाही, असं म्हणणार नाही."

"माझंच काही चुकलं असेल."

"प्रोग्रॅम चालतोय ना? मग त्या ओळीच्या शेवटी दुर्लक्ष करण्याची टीप टाका. रेघ दिसणारच नाही. आम्ही सगळे तेच करतो."

मला ते प्रशस्त वाटले नाही. तीन दिवस मी ती रेघ तशीच ठेवली. आणि त्या तीन दिवसांत, हे मला सांगितलेच पाहिजे, तिच्याकडे पाहताना मला चिकटलेली अकरा पाने आठवत होती. दर वेळी आठवत होती. तरीही मी बोळापर्यंत गेले नाही. आधी रेघेचे पाहू, मग पानांचे विचारू, असे स्वतःला समजावत राहिले. अष्टमीला वत्सलाबाई येणार होत्या. त्याआधी पडदा स्वच्छ दिसावा असेही वाटत होते.

अष्टमीच्या सकाळी मी त्या ओळीच्या शेवटी टीप टाकली. रेघ गेली. समोरच्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती. रिक्षा किती वाजता बोलवावी, हे पाहण्यासाठी मी मान वर केली होती, म्हणून लक्षात आहे.

अकराच्या सुमारास पंचवटीत पोहोचले. गुरुजी ओसरीवर बसले होते. धोतर ओले, चेहरा प्रसन्न.

"या बाई! आत्ताच गंगेवरून आलो. तेविसावी सोडली. तुम्ही नक्कल पूर्ण केलीत, मग म्हटलं, भिजलेला जीव आहे, कशाला अडकवून ठेवायचा? बाकीच्या एकेक करून सोडू."

मी लॅपटॉपची पिशवी दारातच खाली ठेवली.

"किती वाजता?" मी विचारले.

"असतील नऊ, सव्वानऊ. का हो?"

मैत्रीण म्हणाली, "अगं, चेहरा बघ तुझा. उन्हातून आलीस, पाणी घे." मी पाणी घेतले. ते वाक्य अजूनही माझ्याजवळ होते... अकरा पाने राहिली आहेत. केवळ ते आता सांगण्यासारखे उरले नव्हते. कबूल करण्यासारखे झाले होते. माझ्याच्याने तेही झाले नाही.

तेवढ्यात वत्सलाबाई आल्या. पिशवी खाली ठेवून त्या लॅपटॉपसमोर बसल्या, देवासमोर बसावे तशा.

"बघा बाई आता तुमच्या पेटीत."

मी 'रंगनाथ' लिहिले. सात रंगनाथ निघाले. गाव आणि वडिलांचे नाव घातले. पडद्यावर आले — नोंद नाही.

"सगळ्या बह्या बघितल्या ना बाई?"

गुरुजीच उत्तरले. "सगळ्या, माउली. एकूण एक पान. बाईंचं काम आहे ते."

वत्सलाबाईंनी पदराने चष्मा पुसला. "म्हंजे नवताच आला तो. त्या मानसाला दुसरंच कोनी दिसलं आसंल. टकुरं केल्याव समदे सारकेच दिसत्यात." त्या थोड्या हसल्या. "बापावरचा राग समजते मी. पर पानी द्यायला बी नाय आला... आन् मी येडी, चाळीस वर्सं त्याच्या नावाची राखी देवापुढं ठिवती. आता नाय ठिवायची. बरं झालं बाई, तुमच्यामुळं जिवाची वढ तरी मिटली."

त्यांनी माझ्या पायांना हात लावला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या आहेत त्या.

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला आणि तेविसाव्या ओळीच्या शेवटची टीप पुसून टाकली. रेघ परत येईल अशी माझी खात्री होती. खरे तर ती यावी अशी इच्छा होती. ती आली नाही. फाइल तीच, सेटिंग तेच, एक अक्षरही बदललेले नाही. फाइलचे नाव पुन्हा नव्व्याण्णव केले, तरीही ओळ स्वच्छ. त्यानंतर एकदाही ती रेघ उमटलेली नाही. जणू तोवर सापडायचे काही बाकी होते, आणि आता राहिले नव्हते.

आहेर सर म्हणतात, एडिटरची अंतर्गत यादी उशिरा ताजी झाली असेल. मी विचारले, मग ती रेघ मजकुराबरोबर का फिरली? ते म्हणाले, "मॅडम, हे मला नाही सांगता येणार," आणि विषय बदलला. माझ्या अल्प ज्ञानात काहीतरी त्रुटी असेल, हे मी आजही मान्य करते. परंतु त्या रेघेला मी खोटी मानले, हे आता मला बोचते. त्या फाइलमध्ये ती बही पूर्ण नव्हती. हे जगात मला एकटीला ठाऊक होते. आणि ते मला सांगणारे त्या तीन दिवसांत त्या रेघेखेरीज दुसरे कोणीही नव्हते.

गुरुजी पौषात गेले. शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेले, तेव्हा माझा हात धरून म्हणाले, "एक पान वाया गेलं नाही, बाई. निश्चिंत आहे मी." मी त्यांना निश्चिंतच जाऊ दिले. तो दयाळूपणा होता की पुन्हा तोच भित्रेपणा, हे मला ठरवता येत नाही. उरलेल्या बह्या सोडू नयेत, एवढे मात्र मी मैत्रिणीला सांगितले. कारण तिने विचारले नाही.

त्या अकरा पानांत रंगनाथ असेलच असे नाही. कदाचित नसेलही. कडेने दिसणाऱ्या शेंड्यांवरून काहीच कळत नव्हते; मी ते अनेकदा आठवून पाहिले आहे. परंतु "नाही" हे उत्तर वत्सलाबाईंना मी दिले, आणि ते माझ्याजवळ नव्हते. खरे उत्तर "ठाऊक नाही" असे होते. त्यावर त्या चाळीस वर्षे राख्या ठेवत आल्या होत्या.

या श्रावणात त्यांनी राखी ठेवली नाही. मैत्रिणीला त्यांचा फोन आला होता; तब्येत बरी आहे, यंदा अष्टमीला येणार नाहीत, आता येण्याचे काही कारण नाही, असे त्या म्हणाल्या. सिन्नरची एसटी माझ्या घरापासून दूर नाही. त्यांचे गाव, वाडीचे नाव, सारे मला ठाऊक आहे. मी गेले, तर त्यांना भाऊ देऊ शकणार नाही. केवळ मिटलेली वाट पुन्हा उघडून येईन, आणि या वेळी तिच्या टोकाला पाहण्यासाठी एकही बही असणार नाही.

मी वत्सलाबाईंना सांगावे का?